कविता, हवी का?

यमकाच्या अडचणी: प्रश्न वाचकांचे, उत्तरं मिरजेहून

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की एका शब्दाला यमक मिळत नसेल तर दोन-तीन शब्दांना एकत्र बसवून ते करता येतं. ‘कविता’ला ‘सविता’ आणि ‘वनिता’ यांच्यापलीकडे काही सुचेना, तर ‘हवी का’ म्हणून बघा. त्यावर पत्रं आली, त्यांतली काही रागावलेली होती. नव्या वाचकांसाठी सांगते, लग्नपत्रिका छापणाऱ्या छापखान्यात मंगलाष्टकं जुळवून देण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. नावं गिऱ्हाइकाची, वृत्त शार्दूलविक्रीडित आणि मुदत उद्या सकाळची. तेव्हा खालची उत्तरं कारागिराची आहेत, पंडिताची नव्हेत.

मी मराठीत रॅप लिहितो. इंग्रजी रॅपर चार-चार अक्षरांचं यमक जुळवतात. मी ‘जबाबदारी’वर अडकलोय. ‘तयारी’, ‘भिकारी’, ‘शिकारी’ सगळं वापरून झालं, पण ते नुसतं शेपटाला जुळतं. इंग्रजीत यमक शोधून देणारी साधनं फोनवर मिळतात. मराठीत काय करायचं?
(एक विद्यार्थी, कल्याण)

साधन तुझ्याकडे आहे. पहिलीत पाठ केलंस ते, क ख ग घ ङ. त्याच्याकडे येतेच, पण आधी शब्द मोठ्याने म्हणून बघ. लिहिताना ‘जबाबदारी’त पाच अक्षरं दिसतात. बोलताना मधल्या ‘ब’चा अ गळून जातो आणि कानाला ऐकू येतं ‘जबाब्-दारी’. म्हणजे शब्द कुठे मोडायचा हे त्यानेच सांगितलं. आता दोन तुकड्यांच्या दोन याद्या कर. ‘बाब’च्या खाली लिही: रुबाब, गुलाब, खराब, नकाब, कबाब. ‘दारी’च्या खाली: भारी, सारी, वारी, यारी, चारी. मग एका यादीतला एक आणि दुसरीतला एक असे शेजारी बसवत जा आणि प्रत्येक जोडी म्हणून बघ. ‘कबाब वारी’ हे कुणी जन्मात म्हणणार नाही. ‘गुलाब सारी’त लिंगाचा घोळ आहे. ‘खराब यारी’ हिंदीतून आल्यासारखं वाटतं. आणि मग येतं ‘रुबाब भारी’. हे तू स्वतः आठवड्यातून चारदा तरी म्हणत असशील.

माझी कसोटी एवढीच. यमकासाठी जमवलेली जोडी लोकांच्या बोलण्यात आधीपासून असायला हवी. तशी ती असली की कान तिला एक शब्द मानून घेतो. नसली तर ऐकणाऱ्याला शिवण दिसते.

*खिशात दमडी नाही, पण रुबाब भारी,*
*बापाच्या खांद्यावर सगळी जबाबदारी.*

ओळींचा क्रम बघ. जुळवलेली जोडी पहिल्या ओळीत आहे आणि ज्या शब्दासाठी एवढा खटाटोप केला तो दुसऱ्या ओळीत. ऐकणाऱ्याला वाटतं, ‘जबाबदारी’ आपसूक आली. उलट केलंस तर तुझी मेहनत उघडी पडते आणि लोक हसतात. हसवायचंच असेल तेव्हा मात्र मुद्दाम उलट करावं. इंग्रज कवी बायरनने १८१९ साली ‘डॉन जुआन’ या दीर्घकाव्याच्या पहिल्या सर्गात तेच केलं. ‘इंटलेक्च्युअल’ हा जडशीळ शब्द त्याने आधी ठेवला आणि पुढच्या ओळीत त्याला जुळवलं ‘हेन-पेक्ड यू ऑल’, म्हणजे विदुषी बायकांच्या नवऱ्यांनो, खरं सांगा, तुम्हां सगळ्यांना त्यांनी धाकात ठेवलंय ना? दोनशे वर्षं झाली तरी ती ओळ वाचताना हसू येतं, कारण शिवण त्याने मुद्दाम दाखवलीय. तुझा रॅपर एमिनेमही त्याच वाटेचा. ‘ऑरेंज’ला इंग्रजीत यमक नाही असं म्हणतात, यावर २०१० साली एका टीव्ही मुलाखतीत त्याने ‘डोअर हिंज’ काढून दाखवलं. तिथेही दोन शब्दच लागले.

आता क ख ग घ. वर्णमालेतल्या एका ओळीतली अक्षरं तोंडात एकाच जागी तयार होतात, म्हणून कानाला ती भावंडं वाटतात. यमक पूर्ण जुळत नसेल तेव्हा स्वर तसेच ठेव आणि व्यंजन त्याच ओळीतलं दुसरं घे. ‘संध्याकाळ’ घे. ‘ध’च्या जागी ‘द’ चालेल, ‘क’च्या जागी ‘ग’ चालेल. मग:

*पातेल्यात चहा उकळून गेला, मंद्या, गाळ,*
*गॅलरीत खुर्च्या टाक, झाली संध्याकाळ.*

‘संध्याकाळ’ आणि ‘मंद्या, गाळ’. पट्टी लावून मोजलं तर चुकतं, पण ठेक्यावर म्हटलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. ओळीबाहेरचीही काही जवळची नाती आहेत: ण आणि न, ळ आणि ल, श आणि स, व आणि ब. ती वापर. ‘पावसाळा’ला ‘गाव, शाळा’ तशीच मिळते: ‘एका रात्रीत सुटलं गाव, शाळा’.

दोन ठिकाणी जप. डोळ्याने यमक जुळवू नकोस. ‘सारं जग’ आणि ‘पाण्याचा जग’ कागदावर जुळे भाऊ आहेत, तोंडात नाहीत. ‘माझा’तला झ आणि ‘माझी’तला झसुद्धा वेगळे आहेत. आणि गळणाऱ्या अ-कडे लक्ष ठेव. ‘नोकरी’ तू ठेक्यावर ‘नोक्री’च म्हणणार. तिला ‘तो करी’ जुळवलंस तर ते अभंगाच्या चालीत शोभेल, तुझ्या तालात एक अक्षर सांडेल. ‘मोबाईल’ला ‘तो जाईल’ मात्र कुठल्याही तालात चालेल. हा शब्द मराठीत आला तेव्हापासून ‘जाईल’, ‘खाईल’, ‘गाईल’ त्याची वाट बघत होते.

डिसेंबरात माझं लग्न आहे. नवऱ्याचं नाव अनिकेत. सासूबाईंच्या मैत्रिणी उखाण्याचा आग्रह धरणार. नेटवरचे सगळे उखाणे ‘राव’ लावून आहेत. मला नुसतं ‘अनिकेत’ म्हणायचंय आणि तेही शेवटी. यमक मिळेल का?
(एक नवरी, नाशिक)

मिळेल. पण आधी ‘राव’चं मर्म सांगते. नावापुढे ‘राव’ लावला की नवऱ्याचं नाव काहीही असो, यमक ठरलेलं: गाव, नाव, भाव, डाव. कित्येक पिढ्यांच्या बायकांची अडचण त्या दोन अक्षरांनी सोडवली. त्यातूनही सुटका हवी असेल तर ‘रावांचं नाव घेते’ हे मधेच उरकून शेवट ‘हळदीकुंकवाच्या दिवशी’ असा सोयीचा करता यायचा. तुम्ही ‘राव’ काढून टाकलात, ते छानच केलंत, पण त्याच्याबरोबर हाताशी आलेलं यमकही गेलं. आता कष्ट आले.

अनिकेत: अ, इ, ए आणि शेवटी त. तो ‘अनि’ आणि ‘केत’ असा मोडतो. ‘अनि’ला मनी, धनी, क्षणी, कुणी. ‘केत’ला बेत, शेत, हेत, नेत, येत. ‘धनी येत’ म्हटलं तर बैलगाडी डोळ्यापुढे येते. ‘मनी बेत’ हे मात्र बोलण्यातलं आहे.

*स्थळं पाहून दमले बाबा, माझा वेगळाच मनी बेत,*
*कॉलेजातच ठरवले होते मी तर अनिकेत.*

कॉलेजातलं नसेल तर ते बदला. खोटा उखाणा घेऊ नका, सासूबाईंच्या मैत्रिणींना सगळं ठाऊक असतं.

वृत्तात लिहिणाऱ्यांसाठी एक टीप. ‘अनिकेत’मधला ‘नि’ ऱ्हस्व आहे आणि ‘मनी’तला ‘नी’ दीर्घ. मराठी बोलताना आपण इकार-उकारांची लांबी फारशी पाळत नाही, म्हणून कानाला फरक कळत नाही. मात्रा मोजल्या तर एक जास्त भरते. जुन्या कवींनी अशा वेळी बिनदिक्कत ‘मनि’, ‘कधि’, ‘जरि’ असं लिहिलं. उखाण्याला मात्रा कुणी मोजत नाही, तेव्हा तुम्हाला चिंता नाही. मंगलाष्टकात मात्र हे नाव मला फार आवडायचं. शार्दूलविक्रीडितात पहिल्या तीन गुरूंनंतर लघु, लघु, गुरु, लघु येतात, आणि ‘अनिकेत’ तिथे बोट न लावता बसतो. नावं ठेवताना आईबाप असा विचार करत नाहीत, हे छापखान्याचं दुर्दैव.

आणि तुमच्याच पत्रात ताजा कलम होता की धाकट्या दिराचंही पुढच्या वर्षी आहे, मुलगी राधिका. त्याला हे द्या:

*मित्र विचारतात, राहणी तुझी अलीकडे एवढी साधी का?*
*पगाराचा हिशेब आता ठेवते ना राधिका!*

हा ‘का’ मराठीचा मोठा उपकार आहे. प्रश्न विचारला की यमक तयार. सानिका, ‘कानी का’. मालिका, ‘खाली का’. असेच ना, ही, मी, तो, की, रे, गं, घे, दे. एकेका अक्षराचे हे शब्द मोठ्या शब्दांच्या शेवटच्या अक्षराची जागा घेतात. प्रार्थना, ‘सार्थ ना’. कल्पना, ‘अल्प ना’. माझ्या टेबलाच्या काचेखाली त्यांची एक चिठ्ठी असायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, मंत्र आहे.

आपण तोडून-जोडून केलेल्या यमकाची भलामण करता. हे रॅपवाल्यांचं आणि इंग्रजीचं खूळ आहे. आपल्याकडे शुद्ध यमकाची परंपरा आहे. मी तीस वर्षं मराठी शिकवतोय. मुलांना हे सांगितलं तर ती ‘ट’ला ‘ट’ लावायचीसुद्धा विसरतील.
(एक शिक्षक, बारामती)

सर, बारामतीत राहून हे विचारता! मोरोपंत (१७२९–१७९४) पन्हाळ्याला जन्मले, पण हयात तुमच्या गावात काढली. ‘केकावली’तला ‘सुसंगति सदा घडो’ हा श्लोक तुमच्या शाळेतही पाठ करून घेत असतील. त्यात घडो, पडो, झडो यांच्या पंगतीला ‘नावडो’ येऊन बसतो. तो एक शब्द आहे का? ‘न’ आणि ‘आवडो’ सांधून पंतांनी तो केला आणि पंगतीत असा बसवला की कुणी पान मोजलं नाही.

त्याहून मागे गेलात तर यमक या अलंकाराची कल्पनाच अशी की तोच अक्षरसमूह पुन्हा यावा आणि अर्थ निराळा निघावा. हे दर वेळी एका शब्दात कसं साधणार? शब्द निराळ्या जागी तोडावे लागतात. श्लेषाचे सभंग आणि अभंग असे दोन प्रकार तुम्हीच फळ्यावर लिहिता. सभंग म्हणजे शब्द फोडून साधलेला. जुन्या कवींपैकी वामनपंडिताला लोक ‘यमक्या वामन’ म्हणत, ते ‘ट’ला ‘ट’ लावल्याबद्दल नव्हे.

पंतांचं आणखी एक काम मला या विषयात मोलाचं वाटतं. त्यांनी रामायणं कितीतरी तऱ्हांनी रचली, त्यांत एक निरोष्ठ रामायण आहे. म्हणजे प, फ, ब, भ, म ही अक्षरंच नाहीत, वाचताना ओठाला ओठ लागत नाही. रामाची कथा आणि ‘राम’ म्हणता येत नाही! कसरत आहे खरी, आणि कसरत म्हणूनच ती वाचावी. पण ज्या माणसाने अक्षरं तोंडातल्या जागेप्रमाणे अशी वेगळी काढली होती, त्याला कल्याणच्या त्या मुलाला मी काय सांगितलं ते लगेच कळलं असतं.

तुमची भीती मात्र निराधार नाही. मुलांना आधी नेमकं यमक येऊ द्या, जवळचं नंतर. आधीच सूट दिली तर ‘झाड’ला ‘माळ’ आणि ‘घर’ला ‘घट’ जुळवून मोकळी होतात. ‘झाड-माळ’ एखाद्या गाण्यात खपेलही. ‘घर-घट’मध्ये नुसता स्वर उरतो, त्याला मी यमक म्हणणार नाही. माझा नियम असा: शेवटचं व्यंजन बदलायचं तर त्याच्या आधीची निदान दोन अक्षरं पक्की जुळलेली हवीत. आधी भरपूर द्यावं, मग शेवटी थोडं उधार ठेवावं. एका अक्षराच्या शब्दाला उधारी नाही.

गझलेत काफिया, म्हणजे यमक, दोन शब्दांचा चालतो का? माझ्या गझलेत ‘क्षणात’, ‘रणात’ असे काफिये आहेत. मी ‘पण आत’ वापरला तर एका ज्येष्ठांनी तो खोडला.
(एक गझलकार, नांदेड)

मी गझलकार नाही, पण गझलेची पुस्तकं प्रूफं तपासण्यापुरती वाचलीत. चालतो, आणि उर्दूत त्याला नावही आहे, काफिया-ए-मामूला. दोन शब्द सांधून एक काफिया करणं ही त्याची एक तऱ्हा. ‘पण आत’ भरभर म्हटलं की ‘पणात’ होतं आणि ‘क्षणात’, ‘रणात’ यांच्याशी केसाचाही फरक राहत नाही. अलामत, म्हणजे यमकाच्या कायम अक्षरांआधीचा सारखा राहणारा स्वर, तीही सांभाळली जाते. ज्येष्ठांना तो शेर खटकला असेल तर कारण बहुधा निराळं असावं. ‘पण आत’ या दोन शब्दांवर ओळ संपते तेव्हा वाक्य लटकतं. आत काय? ते पुढच्या ओळीत येणार असेल तर शेर दोन ओळींत मिटत नाही.

दुसरी तऱ्हा मला जास्त गंमतीची वाटते. तीत उलटं होतं, एकाच शब्दाचे दोन तुकडे पडून एक काफियाला जातो आणि दुसरा रदीफला, म्हणजे काफियानंतर जसाच्या तसा परत येणाऱ्या शब्दाला. समजा रदीफ आहे ‘ना’, काफिये धाव, नाव, गाव.

*थांबलो दारात मी, आता जरा तू धाव ना,*
*सांग, या पाटीवरी मी शोधतो ते नाव ना?*

आणि पुढच्या एखाद्या शेराची दुसरी ओळ:

*पाकिटी कोरे निघाले पत्र, कसली भावना!*

‘भावना’मधला ‘भाव’ काफिया झाला आणि ‘ना’ रदीफ. ऐकणारा ‘ना’ची वाट बघत असतो, तो मिळतो, पण शब्दाच्या पोटातून मिळतो. मैफलीत याला हमखास दाद जाते. अख्ख्या गझलेत एकदाच करा, आणि मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, तर नकोच. मतला हा करार असतो. करारातच पळवाट ठेवली तर पुढच्या शेरांना धाक राहत नाही. ‘कविता’ आणि ‘हवी का’ मात्र गझलेत आणू नका. शेवटचा नुसता ‘आ’ धरून स्वरकाफिया म्हणाल तर निभेल, पण मग दोन शब्द जुळवण्याचे कष्ट वाया गेले.

‘मुंबई’ला मराठीत यमकच नाही, असं आमच्या काव्यवाचनाच्या गटात ठरलं. खरं आहे का?
(एक वाचक, डोंबिवली)

ठराव मागे घ्या. ‘कुटुंब’ला ‘ही’ जोडा.

*गावच्या वाड्यात राहिलं कर्ज, म्हातारी, कुटुंबही,*
*पहाटेच्या गाडीत बसवून घेऊन आली मुंबई.*

जोडाक्षराने संपणाऱ्या शब्दाचा अ मराठीत सहसा गळत नाही, आणि ‘कुटुंब’चा शेवट बोलताना ‘म्ब’ असा जोडूनच येतो. ‘घर’मधला शेवटचा अ गेला, ‘कुटुंब’मधला राहिला. म्हणून ‘कुटुंबही’ नीट ‘कु-टुं-ब-ही’ असंच म्हटलं जातं, आणि ‘ह’ तर आपण बोलताना अर्धा गिळतोच. राहतं ‘उंबई’. ‘विलंबही’ त्याच्या मागोमाग येतो, जरा लांबचा. लोकलने रोज जाणाऱ्यांना तो जवळचा वाटेल.

गावांची नावं दिसतात तेवढी अवघड नाहीत. ‘चंद्रभागा’ला ‘संत जागा’ लघु-गुरूसकट बसतं. ‘कोल्हापूर’ला ‘आला पूर’ सगळ्यांनाच सुचतं, आणि २०१९च्या ऑगस्टात पंचगंगेने काय केलं ते आठवलं की लिहवत नाही. कृष्णेकाठी आम्हीही तेव्हा माळ्यावरच होतो. पुराचंच यमक नागपूरला देते, तिथे ते विम्याच्या कागदापुरतंच आहे:

*पॉलिसीत बारीक अक्षरांत छापलंय आग, पूर,*
*पैसे मिळतील तेव्हा मिळतील, आधी गाठा नागपूर.*

मी वऱ्हाडीत लिहिते. आमच्या बोलीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘काळा’चा ‘काया’. मग ‘काया’ला ‘वाया’ जुळवलं तर ते जवळचं यमक की पुरं?
(एक कवयित्री, अकोला)

पुरं. ज्या तोंडाने कविता म्हणायची त्या तोंडाचं व्याकरण. ‘ढग आला काया, पेरा गेला वाया’ हे अकोल्यात चोख आहे, पुण्यात नेऊन ‘काळा-वाया’ केलंत की मोडलं. संपादकाने ‘ळ’ दुरुस्त करून छापू नये म्हणून कवितेच्या वर ठळक लिहून पाठवा. बोलीत लिहिणाऱ्यांना जोडशब्दांची चंगळ असते, कारण प्रमाण मराठीत न जुळणारे कितीतरी तुकडे तुमच्याकडे जुळतात. ‘डोया’ला ‘तो या’, ‘हो, या’, ‘जो या’. माझ्या बोलीत हे सुख नाही.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मी दरवर्षी चार ओळी म्हणतो. यंदाचा विषय एकच, पुनर्विकास. मी लिहिलंय: ‘एकजुटीने राहू सारे, सर्वांचा होईल विकास / चला सभासद सह्या करूया, करू पुनर्विकास.’ सुधारणा सुचवावी.
(एक सेवानिवृत्त, ठाणे)

‘विकास’ला ‘पुनर्विकास’ हे यमक होत नाही. तोच माणूस टोपी घालून परत आलाय. शिवाय ‘सर्वांचा होईल’ हे बिल्डरच्या पत्रकातलं वाटतं, तुमचं नाही.

‘पुनर्विकास’ मोठ्याने म्हणा: पुनर्, विकास. पहिल्या तुकड्याला जुना, पुन्हा, कुणा, उणा. दुसऱ्याला निवास, प्रवास, विश्वास, मिजास. ‘पुन्हा प्रवास’ बरा आहे, संक्रमण शिबिरात जाणाऱ्यांना कळेल. ‘कुणा विश्वास’ लिहिलंत तर सभा तिथेच थांबेल. मला ‘जुना निवास’ आवडला, कारण तो तुमच्या इमारतीच्या पाटीवरही असू शकतो. ‘क’च्या जागी ‘व’ आणि ‘व’च्या जागी ‘न’, दोन्हीही लांबचे, पण उ, इ, आ हे स्वर जागच्या जागी आणि शेवटचा ‘आस’ पक्का. ‘पुनर्’मधला अ आणि ‘जुना’मधला आ यांत फरक आहे, तो म्हणताना ‘ना’ थोडा आखडून झाकता येतो.

*गच्चीवर पापड, जिन्यात गप्पा, असा आमचा जुना निवास,*
*नकाशा घेऊन माणूस आला, म्हणे, सही करा, पुनर्विकास.*

पहिली ओळ सावकाश म्हणा, लोकांना पापड आठवू द्या. दुसरी म्हणताना अध्यक्षांकडे बघू नका.